न जुळणारे आकडे

लाल रसायनाची दुसरी बाटली तळाला गेली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

हे रसायन आम्ही पाण्यातलं फ्लोराइड तपासायला वापरतो. नमुन्यात ते टाकायचं. पाण्यात फ्लोराइड जितकं जास्त, तितका लाल रंग फिका पडतो, आणि किती फिका पडला ते यंत्र आकड्यात सांगतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी प्यायचं नाही. आधी दात पिवळे-तपकिरी होतात, मग वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं धरतात. काम एवढंच, पण रसायन महाग, आणि मागवलं की यायला महिना लागतो. जी बाटली दिवाळीपर्यंत पुरायची, ती पोळ्यालाच रिकामी.

मी धनश्री, या प्रयोगशाळेची प्रमुख. प्रमुख म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. एका संस्थेनं घाटनांदूरला काढलेल्या दोन खोल्या आहेत, एक फ्रिज आहे, तो थंड कमी करतो आणि गुरगुरतो जास्त. हाताखाली एकटी बबिता. आसपासच्या गावांतल्या बोअरचं नि हातपंपांचं पाणी आमच्याकडे येतं. माझ्या रागाबद्दल गावात बरंच बोललं जातं, आणि त्यातलं निम्मं खरं आहे.

"बबिता, हे रसायन तू पितेस का गं?"

"सांडलं न्हाई मॅडम," ती खाली मान घालून म्हणाली.

बबिता धर्मापुरीच्या पुढं माळावर वस्ती आहे तिथली. घरची मेंढरं. त्या वस्तीतून बीएस्सी झालेली ही पहिलीच पोरगी. कामाला चोख, वेळेच्या आधी हजर, काचेची भांडी अशी धुते की मला नाव ठेवायला जागा उरत नाही, आणि त्याचाही मला अधूनमधून राग येतो. प्रत्येक नमुना आम्ही तीनदा तपासतो. बबिताचे तिन्ही आकडे नेहमी तंतोतंत सारखे. ०.८, ०.८, ०.८. सुरुवातीला मी खूश होते. मग एके दिवशी चहा पिताना मनात आलं, इतकी वर्षं मी हेच यंत्र वापरतेय, माझे तिन्ही आकडे सारखे आले तर मीच दचकते. हिचे रोज कसे येतात?

पहिला संशय सरळ होता. कॉलेजात प्रॅक्टिकलला पोरं हेच करतात. एकदा वाचायचं आणि तिन्ही रकान्यांत तोच आकडा ठोकून द्यायचा. तपासणाऱ्या बाईही काही बोलत नाहीत, कारण त्यांनीही शिकताना तेच केलेलं असतं. पण बबिता तसं करत असती तर बाटली दुप्पट पुरली असती. इथं उलटंच चाललं होतं.

म्हणून मी खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसले. ती घाबरली, पण काम करत राहिली. पहिला आकडा आला १.१. दुसरा १.३. तिसरा १.२. तिनं काहीच लिहिलं नाही. चौथा १.२. तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. पाचवा १.०. तो तिनं असा बेसिनमध्ये ओतला, जसं दुधात पडलेलं झुरळ फेकावं. असं करत करत तिसरा १.२ आला तेव्हा तिनं सुस्कारा सोडला आणि पेन उचललं.

"बाकीचे कुठं गेले?"

"ते जुळले न्हाईत ना मॅडम."

"म्हणून?"

"म्हणून चुकले आसतील. जुळंपर्यंत करायचं." माझ्याकडे बघून तिला वाटलं की मला पटलेलं नाही, म्हणून हळूच म्हणाली, "आमच्याकडं तसंच करत्यात."

आमच्याकडं म्हणजे मेंढवाड्यात. मग तिनं सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. रोज संध्याकाळी मेंढरं आत घेताना दोघांनी मोजायची, एकानं या बाजूनं, एकानं त्या बाजूनं, आणि तोपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. दोघांचा आकडा एक आला तर मेळ बसला. नाही बसला तर पुन्हा. आणि मेळ बसल्याशिवाय घरात कुणी भाकरीला हात लावायचा नाही, पोरांनीसुद्धा. तिच्या लहानपणी लांडग्यानं एक तरणी मेंढी नेली होती, ती फक्त आकडा जुळला नाही म्हणून रात्रीच्या आधी कळली. बबिता मोजायला शिकली ती अशी, भुकेल्या पोटी, बापासमोर.

आता अशा पोरीला रागवायचं कसं? ही कामचुकार नव्हती. बापानं शिकवलेलं सगळ्यात इमानदार काम ती माझ्या यंत्रावर करत होती, आणि त्यातूनच खोटे आकडे तयार होत होते. मला तिची दया आली आणि त्या दयेचा राग आला. मी म्हटलं, "उठ, फळ्यापाशी चल."

मी शिकवायला वाईट आहे. एकदा सांगून कळलं नाही की माझा आवाज चढतो. तरी मी त्याच बाटलीतलं पाणी पुन्हा पाचदा तपासायला लावलं आणि बजावलं, येईल तो आकडा लिहायचा, एकही ओतायचा नाही. १.१, १.३, १.२, १.०, १.४. प्रत्येक आकड्यापाशी तिचा हात थांबायचा. शेवटचा लिहिताना तर ती म्हणाली, "हे कुणी बघितलं तर काय म्हणंल?"

"म्हणेल, पोरगी खरं बोलते. कर सरासरी."

१.२ आली. आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब ते काढ, म्हटलं. काही कमी, काही जास्त. तिनं बेरीज केली आणि एकदम हसली. "शून्य आलं मॅडम! मंजी फरकच न्हाई!"

"फरक नाही काय! एक मेंढरू चार पावलं पुढं गेलं, दुसरं चार पावलं मागं, म्हणून दोघं जागेवर उभी आहेत का?"

तिनं फळ्याकडे पुन्हा बघितलं. मग प्रत्येक फरकाचा वर्ग केला, म्हणजे कमी-जास्त एकमेकांना खाऊन टाकणार नाहीत. बेरीज केली. मी म्हटलं, आता चारनं भाग.

"चारनं कावून? आकडे तर पाच हायेत."

हा प्रश्न बहुतेक पोरं विचारतच नाहीत, पुस्तकात चार आहे म्हणून चारनं भागतात. मला बरं वाटलं. सरासरी याच पाच आकड्यांतून काढली आहे, मी सांगितलं. चौघांचे फरक कळले की पाचव्याचा आपोआप ठरतो, कारण बेरीज शून्य यायलाच हवी. पाचव्याला स्वतःचं असं बोलायला काही उरतच नाही.

"सोमेश्वरदादा घरात बोलाय लागला की माझं तसंच व्हतं," ती म्हणाली. सोमेश्वर तिचा मोठा भाऊ. मलाही हसू आलं.

वर्गमूळ काढल्यावर ०.१६ आलं. मी 'मानक विचलन' असं फळ्यावर लिहिलं. तिनं ते दोन शब्द वाचले, पण ते तिच्या डोक्यात कुठंच जाऊन बसले नाहीत हे मला दिसत होतं. मग म्हणाली, "मंजी मधी मेंढका हुबा हाय, आन् कळप त्येच्यापासून किती पांगलाय, ते."

मी इतक्या वर्षांत याच्यापेक्षा बरं सांगितलेलं नाही. पण तसं तिला म्हटलं नाही, कौतुक करायची मला सवय नाही.

"कळप पांगतोच, बबिता. यंत्राची सुई हलते, हाताचा थेंब कमी-जास्त होतो, उन्हानं रंग उतरतो. त्यात लाज नाही. लाज कशात आहे, तर पांगलेली मेंढरं ओतून देऊन राहिलेली तीन दाखवायची आणि म्हणायचं, बघा, माझा कळप कसा जवळजवळ चरतो."

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा उतरला. पाटीसारखा कोरा झाला. हातातला खडू तिनं खाली ठेवला.

"मॅडम, आमच्या वस्तीचं पाणी."

तेव्हा मला आठवलं. सोमेश्वरची धाकटी मुलगी आरोही. तिचे दुधाचे दात पडून नवे आले होते आणि त्यांवर तपकिरी रेघा दिसत होत्या. म्हणून मागच्या आठवड्यात बबितानं घरच्या हातपंपाचं पाणी आणून तपासलं होतं. १.४, १.४, १.४. म्हणजे दीडच्या आत. अहवाल माझ्या टेबलावर सहीसाठी पडून होता. मी कंटाळा करत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा कंटाळा कुणाच्या तरी कामी आला होता. पण बबितानं घरी फोनवर सांगून टाकलं होतं. तिच्या वडिलांनी, सटवानं, पंपापाशी नारळ फोडला होता आणि वस्तीतल्या प्रत्येक घरी सांगितलं होतं, आपल्या पोरीनं मोजलंय, पाणी चांगलं हाय.

"तेव्हा किती आकडे ओतलेस?"

"लई." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मॅडम, एक पॉइंट सात तीनदा आलतं. जुळलतं. मी थांबाय पायजे व्हतं. पन मला वाटलं, अजून एकदा बघावं. मंग एक पॉइंट चार आलं. मंग मी एक पॉइंट चारच धरून बसले."

आणि ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मला त्या पोरीबद्दल इतकं वाईट वाटलं की फ्रिजवर हात आपटून तो बंद केला, उगाच गुरगुरत होता म्हणून.

त्या पंपाची गोष्ट मला ठाऊक होती, बबितानंच सांगितली होती. पंप यायच्या आधी वस्तीतल्या बायका राधाकिशनच्या विहिरीवर जात. राधाकिशन मोठा जमीनदार, माणूस दुष्ट नाही, पण विहीर आपली आहे हे तो कुणाला विसरू देत नसे. त्याच्या घरचं भरून व्हायचं, गुरांचं व्हायचं, गडीमाणसांचं व्हायचं, मग बबिताच्या आईचा, रतनबाईचा नंबर. ती तिथं घागर घेऊन उन्हात उभी राहायची, आणि उशीर झाला तर वर एखादा टोमणाही ऐकायची. सटवानं पंपासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. पंप लागला त्या दिवशी तो रतनबाईला म्हणाला होता, आता तू कुणाच्या दारात हुबी राहायची न्हाईस. आता पाणी वाईट निघालं तर पंपावर 'पिऊ नका' असा लाल पट्टा ओढायचा, म्हणजे प्यायच्या पाण्यासाठी पुन्हा तीच विहीर. माळावर दुसरं पाणी नाही.

बबितानं दुसऱ्या दिवशी पंपाचं नवं पाणी आणलं आणि सात वेळा तपासलं. १.५, १.७, १.४, १.८, १.६, १.७, १.५. एकही ओतला नाही. सरासरी १.६. मग मी तिला पुढची पायरी शिकवली. सरासरीही पूर्ण पक्की नसते, आकडे थोडे असले की तिच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडावी लागते. ती जागा धरली तर खरा आकडा दीडच्या किंचित खालीही असू शकत होता आणि पावणेदोनच्या जवळही.

बबितानं ती खालची बाजू लगेच पकडली. "मॅडम, हे दीडच्या आत हाय की. मंग चांगलं लिहिता यंल?"

"येईल. मग वरची बाजू धरून वाईट लिहिता येईल. कुणाचं मन राखायचंय त्यावर आहे."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्याच जिभेचा पश्चात्ताप झाला. मी आवाज खाली आणला. "आत्ता आपल्याला माहीत नाही, एवढंच लिहायचं. आणि माहीत करून घ्यायचं असेल तर आणखी मोजायचं."

"आनखी मोजलं की कळप जवळ येतो?"

"नाही. कळप तेवढाच पांगलेला राहतो. मधला मेंढका कुठं उभा आहे, ते मात्र नक्की कळत जातं."

ती आठवडाभर येता-जाता पाणी आणत राहिली, सकाळचं, दुपारचं, पंप बराच वेळ हापसून झाल्यावरचं. रसायनाची तिसरी बाटली मी माझ्या पुण्याच्या मैत्रिणीकडून उसनी आणवली आणि तक्रार केली नाही. शेवटी सगळे आकडे मांडले तेव्हा सरासरी होती १.६ च्या जराशी वर, आणि दोन्ही बाजूंची सोडलेली जागा धरूनही सगळं दीडच्या पलीकडे. यात आता कुठं शिरायला फट नव्हती. बबितानं फळ्याखालच्या स्टुलावर बसून ते कितीतरी वेळ बघितलं. मग बाहेर जाऊन वडिलांना फोन केला. "आबा, तुमी हितं या. फोनवर सांगायसारकं न्हाई."

सटवा आला तो खांद्यावर घोंगडी, हातात काठी. काठी दाराबाहेर ठेवली, चपला काढल्या. मी नको म्हटलं तरी काढल्याच. बबितानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिलं चुकलं होतं, आता पुन्हा मोजलं, पाणी प्यायचं नाही. सटवा फळ्याकडे बघत होता. त्याला आकडे वाचता येत होते, तेवढे तो मेंढरांमुळे शिकला होता.

"ह्ये सगळं एकाच पाण्याचं?"

"व्हय आबा."

"आन् परतेक येळी येगळं?"

"व्हय."

"मंग मोजता येत न्हाई म्हन की, बबे." तो रागानं बोलला नाही, तेच जास्त लागलं. "येवढं शिकलीस. मी दोन मेंढरांचा फरक पडला तर जेवलो न्हाई कदी. तू ह्ये आसलं फळ्यावर लिहून ठेवतीस? मी वस्तीवर नारळ फोडून बसलोय."

माझ्या जिभेवर बरंच आलं होतं. मी ते गिळलं, कारण बबिता बोलायला लागली होती.

"आबा, मेंढरं मोजली की जुळत्यात. मेंढरू येक तर हाय, न्हाई तर न्हाई. पन तुमी बाजारात मेंढा काट्याला टांगता तवा?"

"तवा काय?"

"काटा येका जागी ऱ्हातो का?"

सटवा थांबला. "मेंढा हलतो की. पाय झाडतो."

"मंग वजन कसं सांगता?"

"काटा वर-खाली व्हतो त्येच्या मधलं धरतो. सगळेच धरत्यात."

"आन् घेनारा म्हनला, काटा खाली आलता तवाचंच धर?"

"त्येला मी..." सटवानं माझ्याकडे बघून पुढचा शब्द गिळला.

"मी तसंच केलतं आबा. काटा खाली आला तवा धरला. आपला पंप हाय म्हनून." तिचा आवाज फुटला. "तुमाला फोन कराय मला लई घाई झालती."

सटवा फळ्यापाशी गेला, आणि बोट न लावता, एक एक आकडा बघत गेला. मग विचारलं, "मंग ह्यो काटा कुटं थांबतो?"

"दीडाच्या वर."

"कितीबी हलला तरी?"

"कितीबी हलला तरी."

तो खाली बसला. घोंगडीचं टोक हातात धरून बसला, आणि मी त्याला पाणी दिलं तर ग्लासाकडे बघतच राहिला. "ह्ये कुटलं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, तपासलेलं आहे. तेव्हा प्यायला. आरोहीच्या दातांबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. पण उठताना म्हणाला, "राधाकिशनच्या हिरीचं मोजलंस का?"

बबितानं तेही मोजलं होतं. पाचही आकडे फळ्याच्या कोपऱ्यात होते, ०.६ पासून ०.९ पर्यंत पांगलेले. त्या विहिरीचं पाणी चांगलं होतं. ते बघून सटवाला बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

अहवालावर मी तिथंच सही केली आणि त्याच दिवशी संस्थेच्या जीपमधून आम्ही तिघं वस्तीवर गेलो. लाल रंगाचा डबा माझ्या मांडीवर होता. पंपावर पट्टा मी ओढणार होते, पण सटवानं ब्रश माझ्या हातातून घेतला आणि स्वतः ओढला. नारळाची करवंटी अजून तिथंच पडली होती. ती त्यानं पायानं बाजूला सारली. जनावरांना हे पाणी चालेल, धुण्याभांड्यांना चालेल, एवढं मी सांगितलं. तो फक्त हूं म्हणाला.

मेंढरं माळावरून परत आली. सटवा एका बाजूला, सोमेश्वर दुसऱ्या बाजूला. दोघांचे ओठ हलत होते. बबिता माझ्याजवळ उभी राहून मनातल्या मनात मोजत होती, हे मला तिच्या बोटांवरून कळलं. शेवटचं कोकरू आत गेलं. दोघांनी आकडा सांगितला, एकच आला. रतनबाईनं चुलीपुढं भाकरीची टोपली ओढली, ताटल्या मांडल्या, मलाही आग्रह केला. सोमेश्वर बसला. आरोही त्याच्या मांडीला टेकून बसली.

सटवा बसला नाही.

"आबा, बसा की," सोमेश्वर म्हणाला. "मेळ बसला."

"मेंढरांचा बसला."

आणि तो निघाला. आधी शेजारच्या घरी, मग त्याच्या पुढच्या. माळावर आवाज लांब जातो, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. प्रत्येक दारात तो तेच म्हणत होता, "मी सांगितलतं पाणी चांगलं हाय. ते मेळ बसायच्या आदी सांगितलतं. पोरीनं पुन्यांदा मोजलंय. पंपाचं पिऊ नगा." कुणीतरी विचारलं, मग पोरगी पहिल्यांदा चुकली कशी? तो म्हणाला, "तिला आमच्या घराची माया आली. आता ती बाजूला ठेवून मोजलंय." एकही घर त्यानं सोडलं नाही.

बबितानं ताटलीला हात लावला नव्हता. मीही नाही. भाकरी गार होत होत्या.

तो परत आला तेव्हा रतनबाई घागर घेऊन उठली होती. प्यायचं पाणी आणायलाच हवं होतं, आणि कुणी आणायचं हा प्रश्न त्या वस्तीत कधी पडलाच नव्हता. बाप्ये विहिरीवर घागर नेत नाहीत. तिनं पदर डोक्यावर घेतला, आणि जुन्या वाटेकडे बघून एकदा ओठ मिटले. सटवानं तिच्या हातातून घागर काढून घेतली.

"कावून?" ती म्हणाली. "लोक काय म्हनतील?"

"त्या हिरीवर तू लई हुबी राहिलीस. आता मी राहतो."

रतनबाई तशीच उभी राहिली, हात रिकामे. तिला काय करावं सुचेना.

तो गेला आणि बऱ्याच वेळानं आला. त्याला तिथं किती थांबावं लागलं, कोण काय बोललं, त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. खांद्यावरची घागर त्यानं उतरवली, घोंगडी एका बाजूनं भिजली होती. तांब्या भरला आणि आधी आरोहीला दिला. ती घटाघटा प्यायली. मग त्यानं हात धुतले, बबिताच्या शेजारी बसला आणि तिची ताटली तिच्या पुढ्यात सरकवली.

"जेव बबे," तो म्हणाला. "आता बसला मेळ."